वालपाराइसो: वर गाडीने, खाली पायी

चिलीला जाऊन आलेल्या मंडळींकडून वालपाराइसोबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, "चढून चढून पायांची वाट लागली." दुसरी, "फोटोत दिसतात त्या रंगीत गल्ल्या आम्हाला सापडल्याच नाहीत." दोन्हींचं मूळ एकच आहे. सान्तियागोहून उशिरा निघायचं, दुपारी बंदराच्या चौकात उतरायचं आणि समोर दिसेल त्या जिन्याने चढायला लागायचं. तासाभरात दम जातो, पोटात भूक असते, हातात मोबाइल असतो आणि माणूस भलत्याच गल्लीत पोहोचतो. मग संध्याकाळची बस गाठायची धावपळ.

शहर चाळीसहून जास्त टेकड्यांवर वसलेलं आहे. टेकडीला तिथे सेरो म्हणतात आणि समुद्रालगतच्या सपाट पट्ट्याला प्लान. रंगीत घरं, भित्तिचित्रं, चित्रकारांची दुकानं आणि कॅफे प्रामुख्याने दोन शेजारी टेकड्यांवर आहेत: सेरो कोन्सेप्सिओन आणि सेरो आलेग्रे. त्यांच्या जोडीला सेरो बेयाविस्ता आणि सेरो फ्लोरिदा. या चार टेकड्या नीट पाहायच्या तर नियम एकच पाळा: वर जाताना वाहन किंवा लिफ्ट, खाली येताना पाय. बाकी सगळी आखणी याच नियमावर उभी आहे.

१. वार आणि महिना आधी ठरवा

विमानाची तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर उघडा. सोमवार टाळा. कवी पाब्लो नेरुदांचं घर ला सेबास्तियाना सोमवारी बंद असतं आणि पालासियो बाबुरिसामधलं कलासंग्रहालयही. बरेच पर्यटक शनिवार-रविवार सान्तियागोत काढतात आणि सोमवारी इकडे येतात, तिथेच गणित चुकतं. मंगळवार ते शुक्रवार सगळ्यांत उत्तम. शनिवारी गर्दी असते, पण संध्याकाळी रस्त्यावर जाग असते. रविवारी बरीच दुकानं बंद.

ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर ते मार्च उन्हाळा, जून ते ऑगस्ट पावसाळी हिवाळा. पावसात जुन्या दगडी पायऱ्या निसरड्या होतात, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर हिवाळा नकोच. माझ्या मते नोव्हेंबर आणि मार्च हे दोन महिने सर्वांत चांगले. दिवस मोठा, गर्दी आटोक्यात.

दिवसाच्या लांबीचा अंदाज घ्या. डिसेंबरअखेर सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास. उन्हाळ्यासाठी कुणीतरी लिहिलेली दिवसभराची आखणी जूनमध्ये जशीच्या तशी वापरली, तर शेवटच्या दोन टेकड्या अंधारात येतात.

सावध: 31 डिसेंबरला उपसागरावर मोठी आतषबाजी होते आणि शहर तुडुंब भरतं. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, रस्ते बंद होतात. गल्ल्या बघायच्या असतील तर त्या दिवसांत जाऊ नका. तसंच 1 जानेवारी, 1 मे, 18 व 19 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर या सुट्ट्यांना मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात.

२. कागदपत्रं, पैसे आणि सामान

भारतीय पासपोर्टसाठी व्हिसाचे सध्याचे नियम चिलीच्या दूतावासाकडूनच तपासा. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर ते आवर्जून विचारा, कारण त्याने नियम बदलू शकतो. विमान अमेरिकेमार्गे असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे स्वस्त तिकीट घेताना अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

याच प्रवासात ब्राझील, पेरू किंवा बोलिव्हिया जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टसोबत ठेवा. तो चिलीत कुणी मागणार नाही, पण त्या देशांतून 6 दिवसांच्या आत भारतात परतलात तर आपल्या विमानतळावर मागतात.

आता सगळ्यांत जास्त चूक होते ती गोष्ट: खाऊ. चिलीची शेती-तपासणी फार कडक आहे. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मध, दूध-दुभत्याचे पदार्थ, मांस यावर करडी नजर असते. आपल्या पिशवीत हमखास सापडणारे मेथीदाणे, अख्खे धने, तीळ, तूप, घरचं लोणचं, विमानात मिळालेलं सफरचंद यांतलं काहीही असलं तरी प्रवेशाच्या अर्जात "हो" लिहा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. आमच्याकडे साधा खाऊच आहे, असं समजून "नाही" लिहिणारेच अडकतात.

विमानतळावर पासपोर्ट तपासल्यावर तुमच्या प्रवेशाची नोंद असलेला एक छोटा कागद मिळतो. त्याचा फोटो काढा आणि मूळ कागद जपा. परदेशी पाहुण्याने हॉटेलचं बिल डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डावर डॉलरच्या हिशेबाने भरलं, तर 19 टक्के विक्रीकर माफ होतो. त्यासाठी पासपोर्ट आणि हा कागद दाखवावा लागतो. सगळीच छोटी अतिथिगृहं ही सवलत देत नाहीत, म्हणून खोली घेतानाच विचारा.

पैशांबद्दल. चिलीच्या पेसोत दशांश नाहीत. हजाराच्या जागी तिथे टिंब लिहितात, म्हणजे पाटीवर 1.500 दिसलं की ते दीड हजार, दीड नव्हे. हजार पेसोंना बोलीत "लुका" म्हणतात. विक्रेता "दोस लुकास" म्हणाला की दोन हजार द्यायचे. नोटा देताना शून्यं मोजा. लिफ्ट आणि बससाठी 100 आणि 500 ची नाणी वेगळ्या खिशात ठेवा, तिथे मोठी नोट चालत नाही. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. हे राहून गेलं की पहिल्याच एटीएमपाशी खोळंबा होतो.

कपडे थरांचे हवेत. सकाळी समुद्रावरून धुकं येतं, दुपारी ऊन चटके देतं, संध्याकाळी वारा झोंबतो. वारा गार असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, म्हणून सनस्क्रीन आणि टोपी पहिल्यापासून. बुटांचे तळवे घट्ट पकडणारे असावेत. विजेचा दाब 220 व्होल्ट आहे. बारीक गोल दोन पिनांचे चार्जर चालतात, आपले जाड तीन पिनांचे प्लग बसत नाहीत.

तपासा: पासपोर्टची प्रत मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे. नाणी. वाऱ्यासाठी जाकीट. ऑफलाइन नकाशा.

३. सान्तियागोहून यायचं कसं

अंतर साधारण 120 किलोमीटर, बसला दीड ते दोन तास. बस अलामेदा स्थानकावरून सुटतात आणि बऱ्याच पाखारितोस स्थानकावर थांबतात. पाखारितोस मेट्रोच्या पहिल्या मार्गावर, शहराच्या पश्चिमेला आहे. विमानतळाच्या बसही तिथे थांबतात. त्यामुळे विमानातून उतरून थेट वालपाराइसोला जायचं असेल तर शहराच्या मध्यात जाऊन परत फिरायची गरज नाही. विमानतळ, पाखारितोस, वालपाराइसो. एवढंच.

तिकिटावर "वालपाराइसो" लिहिलंय ना, पाहा. शेजारच्या विन्या देल मारला जाणाऱ्या बस त्याच फलाटांवरून सुटतात. चुकून विन्यात उतरलात तर घाबरू नका, दोन्ही शहरं लोकलने जोडलेली आहेत, पण त्या गाडीसाठी रिचार्जचं कार्ड घ्यावं लागतं आणि अर्धा तास जातो.

पहाटेची बस धरा. दहाच्या आत वालपाराइसोत पाय टेकले पाहिजेत. खरं तर एक रात्र तरी मुक्काम हवाच. दिवसात जाऊन येणाऱ्यांना मी हे ठिकाण सुचवतच नाही. संध्याकाळी सहल-बस निघून गेल्यावर टेकड्या खऱ्या अर्थाने मोकळ्या होतात आणि सकाळी आठ वाजता गल्ल्यांत फक्त तिथले रहिवासी असतात.

सावध: नकाशात नुसतं "बेयाविस्ता" टाकू नका. सान्तियागोतही बेयाविस्ता नावाची कलावंतांची वस्ती आहे आणि तिथेही नेरुदांचंच घर आहे, ला चास्कोना. दोन्ही बघण्यासारखी आहेत, पण दोन शहरांत आहेत. शोधताना शहराचं नाव जोडा.

४. खोली घेताना विचारायचा एकच प्रश्न

राहायचं ते कोन्सेप्सिओन किंवा आलेग्रे टेकडीवर. खाली प्लानमध्ये खोल्या स्वस्त असतात, पण रात्री तिथे परतताना चालणं सुखाचं नाही. खोली पक्की करण्याआधी मालकाला लिहा: "गाडी दारापर्यंत येते का, आणि नसेल तर किती पायऱ्या?" इथली अनेक घरं जिन्यावरच उघडतात. नकाशात रस्त्यापासून चाळीस मीटर दिसणारं घर प्रत्यक्षात तीन मजले खाली असू शकतं. चाकांची मोठी बॅग त्या पायऱ्यांवर ओढणं ही शिक्षा आहे. मोठं सामान सान्तियागोच्या हॉटेलात ठेवता येत असेल तर ठेवा आणि पाठीवरची पिशवी घेऊन या.

बस स्थानकावरून टेकडीवर जायला ॲपची टॅक्सी घ्या किंवा स्थानकातल्या काउंटरवरून अधिकृत टॅक्सी. सामान घेऊन चालत जाऊ नका, अंतर कमी वाटलं तरी.

५. नकाशा आणि वाहनं समजून घ्या

नावांवरून रस्त्याचा स्वभाव कळतो. "सुबिदा" म्हणजे चढाचा रस्ता, "एस्कालेरा" म्हणजे जिना, "पासाखे" म्हणजे गल्लीबोळ, "पासेओ" म्हणजे कड्यावरचा फिरायचा सपाट रस्ता आणि "मिरादोर" म्हणजे नजारा बघायची जागा. नकाशा तुम्हाला सुबिदा किंवा एस्कालेरा दाखवत असेल आणि दिशा वरची असेल, तर दुसरा मार्ग शोधा.

वर जायची तीन साधनं. पहिलं, 612 नंबरची बस. जुने लोक हिला अजून "ओ" म्हणतात. ती प्लानमधून चढून आवेनिदा आलेमानिया या रस्त्याने टेकड्यांच्या कमरेवरून वळसे घेत जाते. खिडकीजवळ बसा, नजारा खालीच पसरलेला असतो. पैसे ड्रायव्हरला रोख द्यायचे आणि चिटोरं उतरेपर्यंत सांभाळायचं. दुसरं, कोलेक्तिवो, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची शेअर टॅक्सी, टपावर नंबर लिहिलेली. तिसरं, आसेन्सोर, म्हणजे रुळांवरून तिरकी चढणारी जुनी लिफ्ट. दोन डबे एकाच दोरखंडाला बांधलेले असतात, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. आत उभं राहिलं की लाकडी तक्तपोशी करकरते आणि खिडकीतून खालचे पत्रे हळूहळू दूर जातात. मिनिटभराचा प्रवास, पण जिन्याची दमछाक वाचते.

तपासा: लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असणं नेहमीचंच आहे, कधी महिनोन् महिने. कोन्सेप्सिओन, एल पेराल, रेइना विक्तोरिया आणि एस्पिरितू सान्तो या चारपैकी कुठल्या सुरू आहेत, हे त्या दिवशी सकाळी खोलीच्या मालकाला विचारा आणि मगच मार्ग पक्का करा.

६. सकाळ: सगळ्यांत वरून सुरुवात

६.१ 612 ने ला सेबास्तियाना. ड्रायव्हरला चढतानाच "ला सेबास्तियाना" एवढं सांगा, तो थांबा सांगतो. घर सेरो फ्लोरिदावर, आवेनिदा आलेमानियापासून दोन मिनिटांवर आहे. नेरुदांनी 1959 मध्ये विकत घेतलेलं हे घर अरुंद आणि उंच आहे, मजल्यावर मजले चढत जातात. दार उघडण्याच्या वेळी पोहोचा. उशीर झाला की सहल-बसच्या मागे उभं राहावं लागतं आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. आत फोटो काढायला मनाई आहे. एक तास पुरतो.

६.२ तिथून पायी खाली, सेरो बेयाविस्तावरच्या उघड्या आकाशाखालच्या संग्रहालयाकडे. नाव म्युसेओ आ सिएलो आबिएर्तो. इमारत शोधू नका, तिकीटखिडकीही नाही. गल्ल्यांच्या आणि जिन्यांच्या भिंतींवर रंगवलेली 20 मोठी चित्रं हेच संग्रहालय. रोबेर्तो माता, नेमेसियो आन्तूनेस यांच्यासारख्या नावाजलेल्या चिलियन चित्रकारांच्या आराखड्यांवरून ती रंगवली आणि 1992 मध्ये लोकांसाठी खुली झाली. काहींचे रंग उडाले आहेत, काहींवर नंतर कुणी नावं खरडली आहेत. चकचकीत भिंतीच हव्या असतील तर त्या दुपारी मिळतील. इथे जिन्याच्या वळणावर उभं राहून वरच्या आणि खालच्या दोन्ही भिंती पाहा, बरीच चित्रं उतारासह पाहण्यासाठी आहेत.

६.३ एस्पिरितू सान्तो लिफ्ट सुरू असेल तर तिने खाली, नसेल तर जिन्याने. प्लानमध्ये उतरलात की प्लासा अनिबाल पिन्तो चौकाकडे चालत जा. जेवण इथे किंवा पुढच्या टेकडीवर.

सावध: संग्रहालयाच्या चित्रांमागे लागून शेजारच्या निर्जन जिन्यांवर भरकटू नका. पुढे माणसं दिसत नसतील तर आल्या वाटेने परत फिरा.

७. दुपार: कोन्सेप्सिओन आणि आलेग्रे, या क्रमाने

बहुतेकांची गडबड इथेच होते. दोन टेकड्यांमधून उर्रिओला नावाचा चढाचा रस्ता जातो आणि लोक तो पुन्हा पुन्हा चढत-उतरत राहतात. खालच्या क्रमाने गेलात तर तो एकदाच ओलांडावा लागतो.

७.१ प्लानमधल्या तुर्री घड्याळाजवळ या. समोरच्या बोळातून कोन्सेप्सिओन लिफ्ट सुटते. 1883 ची, शहरातली सगळ्यांत जुनी. वर उतरलात की थेट पासेओ खेर्वासोनी. इथून बंदराच्या क्रेन आणि जहाजं समोर दिसतात.

७.२ तिथून पासेओ आत्किन्सनकडे चाला. पन्हळी पत्र्याने मढवलेल्या भिंती, प्रत्येक घराला वेगळा रंग आणि दारापुढे हातभर बाग. एखाद्या भिंतीजवळ जाऊन पाहा: पत्र्याच्या पन्हळीत जुन्या रंगांचे पापुद्रे सुटलेले असतात आणि पिवळ्याखालून हिरवा, हिरव्याखालून निळा डोकावतो. ही टेकडी सावकाश पाहायची आहे. पुढे टेम्पलमन रस्ता, तिथली भित्तिचित्रं, 1858 चं अँग्लिकन चर्च आणि 1898 चं लुथरन चर्च. पियानोच्या पट्ट्यांसारख्या रंगवलेल्या पायऱ्या बेथोवेन नावाच्या छोट्या रस्त्यावर आहेत. फोटोसाठी रांग लागते, सकाळी लवकर कुणी नसतं.

७.३ आता मागे खेर्वासोनीच्या बाजूला येऊन पासाखे गाल्वेसमध्ये शिरा. अरुंद, वळणांचा बोळ, भिंती खालपासून वरपर्यंत रंगलेल्या. तो उर्रिओलावर बाहेर पडतो. रस्ता ओलांडा आणि समोरचा पासाखे बावेस्त्रेयो चढा. या मार्गावरचा मोठा चढ एवढाच. वर आलात की तुम्ही आलेग्रे टेकडीवर आहात.

७.४ आलेग्रेवर आधी पासेओ दिमालोव. इथून लुथरन चर्चचा उंच मनोरा आणि मागे समुद्र एका चौकटीत बसतो. रेइना विक्तोरिया लिफ्टचं वरचं टोक इथेच आहे. मग पासेओ युगोस्लावो, तिथे पालासियो बाबुरिसा. संग्रहालयात जायचं असेल तर बंद व्हायच्या तासभर आधी पोहोचा.

७.५ एल पेराल लिफ्टने खाली. उतरलात की दोन मिनिटांत प्लासा सोतोमायोर हा मोठा चौक.

आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर 7.3 गाळा. खेर्वासोनी आणि आत्किन्सन जवळजवळ सपाट आहेत, ते पाहून टॅक्सीने पासेओ युगोस्लावोला जा आणि एल पेरालने उतरा. पायऱ्या फार लागत नाहीत आणि नजारे चुकत नाहीत.

उजेडाबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीने चुकते. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि वालपाराइसोचा उपसागर उत्तरेकडेच उघडतो. म्हणजे भर दुपारी समुद्राच्या दिशेने फोटो काढला तर उजेड डोळ्यांवर येतो. समुद्राकडे पाठ करून घरांचे फोटो काढा, रंग खुलतात. समुद्राचे फोटो सकाळी किंवा सूर्य कलल्यावर.

आणि ही माणसांची घरं आहेत, हे सतत ध्यानात असू द्या. खिडकीतून आत कॅमेरा नेऊ नका, उंबऱ्यावर बसून फोटो काढू नका, जिन्याची एक बाजू मोकळी ठेवा. सामानाच्या पिशव्या घेऊन त्याच पायऱ्या रोज चढणारी माणसं तुमचा फोटो होईपर्यंत थांबतात, तेही हसतमुखाने, पण त्यांना थांबवावंच का? रस्त्यावर वाजवणाऱ्याचं चित्रण केलंत तर नाणं टाका. हस्तकलेच्या मांडणीचा फोटो घेण्याआधी "पुएदो?" विचारा.

८. खायचं काय, आणि शाकाहारी असाल तर काय विचारायचं

दुपारचं जेवण साधारण एक ते साडेतीन, रात्रीचं आठनंतर. दुपारी ठरलेल्या थाळीला "मेनू देल दिया" म्हणतात, त्यात भाव बरा पडतो. बिलात दहा टक्के टीप सुचवलेली असते. ती द्यायची का, हे वेटर विचारतो. "सी" म्हटलं की झालं.

मांसाहारी असाल तर इथली चोर्रियाना मागवा: बटाट्याच्या तळलेल्या कापांवर मांस, परतलेला कांदा आणि अंडं. एक ताट दोघा-तिघांत घ्या. मासे तर बंदराचं गावच आहे.

शाकाहाऱ्यांनी "वेहेतारियानो" एवढ्यावर थांबू नये. त्या शब्दाला हॅम किंवा ट्यूना चालतो असं समजणारे स्वयंपाकी भेटतात. यादी सांगा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस." म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, मासे, शिंपले-कोळंबी काहीही नको. आणि चिलीत "मान्तेका" म्हणजे डुकराची चरबी, लोणी नव्हे. लोण्याला तिथे "मान्तेकिया" म्हणतात. म्हणून "सिन मान्तेका" जोडायचंच. पावांत मार्राकेता हा कुरकुरीत पाव पीठ, पाणी, यीस्ट आणि मिठाचाच असतो. गोल, चपट्या आयुयामध्ये चरबी घालतात. रस्त्यावरच्या भोपळ्याच्या सोपाइपिया दिसायला आपल्या घाऱ्यांच्या भावंडं, पण पिठात चरबी असू शकते, विचारून घ्या. चीज भरलेली एम्पानादा, मार्राकेतावर कुस्करलेला आवोकाडो (तिथे पाल्ता म्हणतात) आणि मक्याची उमिता यांवर दिवस निभतो. उमितालाही चरबीचा प्रश्न लागू आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

९. मोबाइल, अंधार आणि भूकंप

इथे चोरी होते ती बहुतेक वेळा मोबाइलची, तीही हातातून. नकाशा बघायचा तर दुकानात शिरा किंवा भिंतीला पाठ लावा. कॅमेरा गळ्यात लटकवून फिरू नका, काम झालं की पिशवीत. पिशवी पुढे.

अंगावर अचानक सॉससारखं काही उडालं आणि दुसरा कुणी रुमाल घेऊन पुसायला धावला, तर त्याला हात लावू देऊ नका. सरळ जवळच्या दुकानात जा. पुसणारा आणि खिसा कापणारा एकाच टोळीचे असतात.

बंदराच्या जुन्या भागात, प्लासा एचाउर्रेन आणि ला मात्रिस चर्चच्या आसपास, दिवसाही मोबाइल बाहेर काढू नका, आणि अंधार पडल्यावर जाऊच नका. सेरो कोर्दियेरा आणि सेरो सान्तो दोमिंगो या टेकड्यांवर एकट्याने भटकायचं नाही. तिथे काय आहे हे बघायचंच असेल तर स्थानिक वाटाड्यासोबत जा. सकाळ-दुपारी टीपवर चालणाऱ्या पायी सहली निघतात. रात्री जेवून परतताना पाचच मिनिटांचं अंतर असलं तरी टॅक्सी, विशेषतः वाट जिन्याची असेल तर.

चिलीत भूकंप नित्याचे आहेत. छोटा हादरा बसला तर आसपासचे लोक काय करतात ते बघा, बहुधा ते कॉफी पीत राहतात. पण उभं राहता येणार नाही इतकं हललं आणि तुम्ही प्लानमध्ये किंवा धक्क्यावर असाल, तर भोंग्याची वाट पाहू नका. हादरे थांबताच समुद्रापासून दूर, पायी, वरच्या दिशेने निघा. त्सुनामीच्या पाट्यांवर बाण असतात. समुद्रसपाटीपासून 30 मीटरच्या वर पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही टेकडीवर असाल तर खाली उतरू नका.

नंबर लिहून ठेवा: रुग्णवाहिका 131, अग्निशमन 132, पोलीस 133.

१०. दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि परतीची बस

आठच्या आत कोन्सेप्सिओनवर एक फेरी मारा. आदल्या दिवशी गर्दीत राहून गेलेले फोटो आता घ्या. धुकं असेल तर घाई नको, बहुतेक वेळा दुपारपर्यंत विरतं. मग खाली सोतोमायोर चौकासमोरच्या मुएये प्रात धक्क्यावर जा. इथून छोट्या होड्या बंदरात फेरी मारतात. होडी भरली की सुटते. वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून फेरी त्याआधी घ्या. लाइफ जॅकेट घालूनच बसा आणि जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघा. चालून आलेल्या टेकड्यांचा अर्धगोल पाण्यातून एकत्र दिसतो, आणि काल आपण कुठे होतो ते बोटाने दाखवता येतं. शनिवार-रविवार असेल तर बस स्थानकाजवळच्या प्लासा ओ'हिगिन्समध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, बसच्या आधीचा तास तिथे बरा जातो.

परतीचं तिकीट आदल्या दिवशीच काढा, रविवारी संध्याकाळी तर नक्कीच, कारण सान्तियागोचे लोक त्याच वेळी परततात. त्याच दिवशी विमान असेल तर पाखारितोसला उतरून विमानतळाची बस धरा आणि वाटेतल्या कोंडीसाठी दोन तास जास्तीचे ठेवा. खोली सोडण्याआधी पासपोर्टमध्ये तो प्रवेशाचा छोटा कागद आहे ना, बघा. देश सोडताना तो मागू शकतात.